तीन ओळींचं मंगलाष्टक

पडदा उघडण्याआधी रंगमंचावर काय काय मांडलं आहे ते सांगते.

मांडवाच्या मधोमध अंतरपाट धरलेला. त्याचं एक टोक भटजींच्या मुठीत, दुसरं नवऱ्याच्या थोरल्या चुलत्यांच्या, म्हणजे आप्पांच्या. पाटाच्या एका बाजूला नवरा रघुनाथ. त्याने मला दुपारीच सांगून ठेवलं होतं की एक नाव कानावर आल्याशिवाय तो हार घालणार नाही. आप्पांनी सांगून ठेवलं होतं की ते नाव कुणी घेतलं तर ते अंतरपाट टाकून मांडवातून चालते होतील. पाटाच्या दुसऱ्या बाजूला नवरी कुसुम, माझी जुनी विद्यार्थिनी. गोरज मुहूर्त, सूर्य डोंगराला टेकलेला. आणि माझ्या हातात घामाने ओला झालेला एक कागद. श्लोक चार ओळींचा असतो. कागदावर तीनच होत्या.

आता तुम्ही विचाराल, शाळेत अलंकार आणि वृत्तं शिकवणारी बाई तिथे काय करत होती? सांगते. वर्गाचा श्वास अडकला की फळ्याकडे तोंड करायचं, ही माझी जुनी खोड आहे.

रत्नागिरीत मुलींना मराठी शिकवण्यात माझी उमर गेली. धडे कुणीही शिकवतं. कवितेच्या पोटात शिरून तिची हाडं मोजायची वेळ आली की मात्र बाकीच्या बाया डोकं दुखतं म्हणायच्या आणि तो तास माझ्याकडे यायचा. मुलींना अलंकार म्हणजे परीक्षेतलं संकट वाटे. मी पहिल्या दिवशी पुस्तक मिटायला लावायची आणि सांगायची, ‘उद्या येताना घरात किंवा बाजारात ऐकलेलं एक वाकडं बोलणं घेऊन या.’ वाकडं, म्हणजे सरळ सांगता आलं असतं पण सांगितलं नाही असं.

दुसऱ्या दिवशी वर्गात बाजार भरायचा. एकीने मासेवालीचं वाक्य आणलं: ‘बाय, ही सुरमय नव्हे, चांदीची पट्टी हाय.’ खरी वस्तू नाकारायची आणि तिच्या जागी दुसरी बसवायची, ही झाली अपन्हुती. मासेवालीला हा शब्द ठाऊक नसतो, पण सुरमई मात्र खपते. दुसरी म्हणाली, ‘आमची आजी काकूसमोर म्हणते, आमच्याकडे मांजरसुद्धा सूर्याआधी उठतं.’ बोलायचं मांजराबद्दल, लागायचं काकूला, ही अन्योक्ती. त्या मुलीने घरी जाऊन आजीला सांगितलं, ‘आजी, तू अन्योक्ती करतेस.’ तिसऱ्या दिवशी आजी शाळेत हजर. मुलींना असले घाणेरडे शब्द कोण शिकवतं, हे विचारायला.

अलंकार असे हसत हसत पार पडत. वृत्तापाशी मात्र पोरी रडकुंडीला येत. वृत्त म्हणजे ओळीची चाल, यापेक्षा त्यात काही नाही. काही अक्षरं हलकी, ती लघु. काही जड, ती गुरू. जड अक्षराला हलक्याच्या दुप्पट वेळ द्यायचा. कोणत्या क्रमाने जड आणि हलकं पाऊल पडतं त्यावरून चालीचं नाव ठरतं. मी फळ्यावर चिन्हं मांडत नसे. लाकडी फळ्यांच्या जमिनीवर मुलींना चालायला लावत असे: गुरूला दण्ण, लघुला टिचकी. शार्दूलविक्रीडित म्हणजे वाघाचा खेळ. सुरुवातीला तीन जड पावलं टाकतो, मग दबकतो, बाराव्या अक्षराला श्वास घेतो आणि उरलेल्या सातांत झेप. आमच्या वर्गात वाघ खेळायला लागले की खालच्या खोलीत मुख्याध्यापिकेच्या चहात धूळ पडायची.

याच वाघाने मला लग्नांत नेलं. मंगलाष्टकं बहुतेक याच वृत्तात असतात. आमच्याकडे तेव्हा एक हौस होती. लग्नासाठी खास मंगलाष्टकं लिहून घ्यायची, गुलाबी कागदावर छापायची आणि मांडवात वाटायची. त्यात वधूवरांबरोबर दोन्हीकडच्या आजोबा-आजी, मामा-मामी, आत्या, चुलते या सगळ्यांची नावं गुंफायची. ज्याचं नाव राहिलं त्याचा रुसवा पुढच्या पिढीपर्यंत पोचायचा. म्हणून लोकांना माणूस हवा असे तो कवी नव्हे, सुतार. चौकट ठरलेली, नावं ठोकून बसवायची, फट राहिली तर ‘हो’, ‘ही’, ‘की’ अशी पाचर मारायची. मला हा उद्योग मनापासून आवडे. बदल्यात नारळ आणि खणाचं कापड, आणि जेवणात पहिल्या पंगतीचं पान.

गिऱ्हाइकं एकेक नमुना. एका मामांना नावाबरोबर ‘कचेरीतले हेडक्लार्क’ हेही हवं होतं. म्हटलं, मामा, वाघ कचेरीत शिरत नाही. एक गणपतमामा होते. ग-ण-प-त, चारही अक्षरं हलकी, आणि शार्दूलविक्रीडितात चार हलकी अक्षरं ओळीने कुठेच येत नाहीत. मी त्यांना ‘गणपती’ केलं. मांडवात ते नाव गायलं गेल्यावर मामा असे ताठ बसले की कुणीतरी खरोखर त्यांच्या पुढ्यात दूर्वा ठेवल्या.

लोक मलाही सोडत नसत. ‘बाई, तुमचं स्वतःचं अष्टक कधी?’ मी सांगे, ‘माझं नाव कुठल्याच वृत्तात बसत नाही हो.’ एकटी राहते म्हणून काही जणांना माझं मांडवात येणंही खुपे. पण श्लोक हवे असत, म्हणून चालवून घेत. आणखी एक गोष्ट सांगून ठेवते. मी लिहायची, गायची कधीच नाही. माझा आवाज तेल न घातलेल्या रहाटासारखा आहे.

तर, कुसुम.

नववीत ती माझ्या वर्गात आली, गणपतीपुळ्याच्या वाटेवरच्या एका गावातून. वर्गात क्वचित बोलायची, पण कविता सुरू झाली की तिच्या हातातली बांगडी बाकावर वाजायला लागायची, लघु-गुरू बरोब्बर. पुढे ती गावातच बालवाडी चालवू लागली. ब्याऐंशी-त्र्याऐंशीचा सुमार असेल, तिचं लग्न ठरलं. नवरा मुंबईत गोदीत कामाला, घर गुहागर तालुक्यात हेदवीच्या अलीकडे. त्या गावात लग्न नवऱ्याच्या दारी लागायचं. म्हणजे नवरीकडच्यांनी वऱ्हाड घेऊन खाडी ओलांडायची.

नवऱ्याकडची नावं सांगायला आप्पा स्वतः माझ्या घरी आले. उंच, कोरडा माणूस. ओटीवर बसून एकेक नाव असं सांगितलं जणू साक्ष देतायत. मी विचारलं, ‘नवऱ्याची आई?’

‘वारली. बापूस पन.’

‘मग वाढवलं कुणी?’

आप्पा म्हणाले, ‘घरानं.’

मला ते उत्तर फार आवडलं. एका शब्दात अख्खं कुटुंब. मनात म्हटलं, माणूस कोरडा, पण बोलणं कसं रेखीव. आणि पुढचं नाव लिहून घेतलं.

लग्नाच्या दिवशी कुसुमच्या वऱ्हाडाबरोबर मीही जयगडहून होडीत बसले. पलीकडून एस.टी., मग पाऊलवाट. पोचलो तेव्हा हळद लागत होती. मी छापील कागद वाटले, पंखा घेऊन पडवीत टेकले. थोड्या वेळाने हळदीने माखलेला नवरा तसाच माझ्यापुढे येऊन उभा राहिला. हातात गुलाबी कागद, त्यावर पिवळी बोटं उमटलेली.

‘बाई, तुम्हीच लिहिलंत ना हे?’

‘हो. काही चुकलं का?’

‘काकीचं नाव कुठाय?’

‘कुठली काकी?’

त्याने स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं. मग म्हणाला, ‘भागीरथीकाकी. चुलीपाशी आहे बघा. मी तीन वर्षांचा होतो तेव्हापासून तिनेच केलं सगळं. हे घर तिचं आहे, बाई.’

मी त्याच्या बोटाच्या दिशेने पाहिलं. स्वयंपाकघराच्या दारातून धूर येत होता आणि धुरामागे एक पाठ दिसत होती, पांढऱ्या लुगड्यातली. तेव्हा ‘घरानं’ या शब्दाचा अर्थ मला कळला. विधवेचं नाव मंगलाष्टकात घालत नाहीत, ही रूढी मला ठाऊक होती. इतकी चौकस मी, पण आप्पांनी एका शब्दात मला गुंडाळलं होतं.

रघुनाथ आवाज न चढवता म्हणाला, ‘नाव आलं नाही तर मी हार घालायचो नाही.’ आणि आप्पांकडे गेला.

मी मागोमाग. आप्पा मांडवाच्या मेढीची दोरी आवळत होते. पुतण्याचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘नाय.’

‘आप्पा, एक नाव आहे फक्त,’ मी म्हटलं.

‘बाई, तुमी शिकलेल्या. तुमाला नाव म्हंजे अक्षरं.’ त्यांनी दोरीची गाठ मारली. ‘माज्या भावाच्या लग्नात आमच्या आत्येचा नाव गायला होता. ती पन अशीच, पांढऱ्या कपाळाची. मीच हट्ट केला होता, आत्या माजी लाडकी. वरीस झाला नाय, भाऊ गेला. ह्याच्या काकीचा घोव.’

‘ते साप चावून गेले ना?’ रघुनाथ म्हणाला.

‘साप कोनी धाडला?’

मला आप्पांचा राग आला होता, तो तिथे थोडा लटपटला. हा माणूस दुष्टपणाने बोलत नव्हता, भीतीने बोलत होता. त्याने एकदा प्रेमाने नाव घेतलं होतं आणि त्याच्या हिशेबी त्याची किंमत भावाने भरली होती.

भटजींना विचारलं. ते म्हणाले, ‘शास्त्रात निषेध असा नाही. पण रूढी शास्त्रापेक्षा बलवान.’ आणि पंचा झटकून निघून गेले. भटजी लोक असल्या वेळी अक्षता मोजायला जातात.

रघुनाथने आप्पांना सांगितलं, ‘मी पाटाआड उभा राहीन. तुमचा मान ठेवतो. पण हार हातातच राहील.’

आप्पा म्हणाले, ‘आनि त्या नावाचा उच्चार झाला तर मी पाट टाकून जाईन. मग बघ गावातला कोन राहतो मांडवात.’

दोघेही खालच्या आवाजात बोलत होते. त्यामुळे मांडवात कुणाला पत्ता नव्हता. वाजंत्री वाजत होती, पोरं खोबरं पळवत होती. आरडाओरडा झाला असता तर कुणीतरी मध्ये पडलं असतं. शांतपणे मोडणारं लग्न थांबवणार कोण?

नवरीकडचं वऱ्हाड उतरलं होतं त्या जानवशाच्या घरी मी कुसुमकडे गेले. तिच्या कपाळावर मुंडावळ्या बांधत होते. बायकांना बाहेर काढलं आणि सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. हातातला चुडा एका जागी गच्च धरून.

‘त्यांचं बरोबर आहे,’ ती शेवटी म्हणाली.

‘कुणाचं? नवऱ्याचं की आप्पांचं?’

‘ह्यांचं.’ लग्नाआधीच ‘ह्यांचं’ झालं होतं. ‘पण बाई, मला परत त्या होडीत बसून जायचं नाही. हळद लागलेली मुलगी परत आली तर गाव काय म्हणेल माहीत आहे ना? माझ्या पाठी दोघी आहेत. त्यांना कोण विचारील?’

‘मग काय करू? तुझ्या नवऱ्याला समजावू?’

‘नको. तुम्ही लिहा.’

‘लिहिलं तर गाईल कोण? आणि आप्पा पाट टाकतील.’

मग तिने विचारलं, ‘श्लोक चालू असताना टाकतील?’

मी उठता उठता थांबले. अंतरपाट मुहूर्ताआधी खाली आला, नवरानवरीने वेळेआधी एकमेकांना पाहिलं, तर तो अपशकुन. आप्पांच्या लेखी विधवेच्या नावाहून मोठा. श्लोक अर्धवट थांबवणं हा आणखी एक. पाट आप्पांच्या हातात होता, पण खरं तर आप्पाच पाटाला बांधलेले होते. नाव योग्य जागी आलं, मुहूर्ताच्या अगदी तोंडाशी आलं, तर त्यांच्यापुढे दोन भीती उभ्या राहतील आणि त्यातली धाकटी त्यांना गिळावी लागेल. हे मी तेव्हा इतकं नीट मांडलं असं नाही. तेव्हा फक्त, देव क्षमा करो, हसू आलं.

पडवीच्या कोपऱ्यात बसून लिहायला लागले. मंगलाष्टकात अवघड नावं बसवण्यात मी हात दुखवले आहेत. आणि हे एक नाव: भा-गी-र-थी. जड, जड, हलकं, जड. श्वास घेतल्यानंतर वाघ झेप घेतो त्या जागेत, न तासता, न पाचर मारता, अलगद बसलं. पुढे ‘माउली’ घातलं आणि अर्धी ओळ तयार झाली. त्या घरातलं एकही नाव इतकं सरळ बसलेलं नव्हतं. तीन ओळी भराभर आल्या:

ज्याला बोट धरून ती शिकविते, चालावया अंगणी,
शेते लावुनिया जिने पिकविले, दाण्यात मोती जणू,
आई तीच, पिताहि तीच घरची, भागीरथी माउली,

चौथीचा शेवट ठरलेला, ‘कुर्यात् सदा मंगलम्’. त्याच्या आधीची बारा अक्षरं हवी होती. सहज सुचलेली ओळ होती की तिचा हात वधूवरांच्या डोक्यावर राहो. लिहिली आणि खोडली. विधवेचा हात नवरीच्या डोक्यावर, म्हणजे आप्पांच्या भीतीवर मीठ चोळणं. त्यांनी भीतीचा हिशेब सोडून खरोखर पाट टाकला असता. दुसरी लिहिली, ती इतकी गुळगुळीत की नाव घेतल्याची लाज वाटावी. तिसरी वृत्तात लंगडत होती. बाहेर वाजंत्रीचा सूर बदलला. नवरा मांडवात येत होता.

गाणाऱ्या दोघी घरच्याच सुना होत्या. मी कागद पुढे केला. थोरलीने ओठांत वाचला आणि तिचा चेहराच उतरला. ‘बाई, आमाला ह्याच घरात ऱ्हायचाय,’ ती म्हणाली आणि कागद माझ्या मुठीत परत दाबला. धाकटीने तर हात पदराखाली घेतले.

इथे आपण सुरुवातीच्या ठिकाणी आलो. पाट धरलेला, सूर्य टेकलेला.

छापलेले श्लोक सुरू झाले. माझे मामा, माझ्या आत्या, माझे ठोकून बसवलेले चुलते एकामागून एक गेले. दर श्लोकाला ‘सावधान’ आणि अक्षतांचा पाऊस. ज्यांची नावं आली ते मान डोलवत होते. मी फक्त दोन गोष्टी बघत होते, आप्पांच्या मुठी आणि रघुनाथचे डोळे. त्याच्या हातातला हार जमिनीकडे लोंबत होता. तो उचलायची त्याने तयारीच केली नव्हती.

शेवटचा श्लोक संपला. भटजींनी सूर्याकडे पाहिलं. थोडा अवकाश होता. त्यांनी गाणाऱ्यांकडे पाहिलं, आणखी कुणी म्हणणार का, म्हणून. असा अवकाश प्रत्येक लग्नात असतो, आणि कुणीतरी हौशी आत्या तो भरून काढते.

मी तोंड उघडलं.

पहिली ओळ निघाली तेव्हा मागच्या रांगेतली पोरं हसली. आवाज माझा तो असा. मी तो रेटला. ‘ज्याला बोट धरून’ म्हणताना नवऱ्याची मान वर झाली. दुसऱ्या ओळीत आप्पांना कळलं. कळल्याचं मला त्यांच्या पाठीवरून दिसलं. ती हळूहळू ताठ होत गेली. आता नाव येणार हे कुणी कुणाला न सांगता सगळ्यांना कळलं होतं. मी बाराव्या अक्षराला श्वास घेतला आणि झेप टाकली: ‘भागीरथी माउली.’

पाट हलला. आप्पांचं टोक वीतभर खाली आलं. भटजी ‘आप्पा’ असं ओठांतल्या ओठांत म्हणाले. टोक तिथेच राहिलं. खालीही जाईना, वरही येईना.

आणि मला पुढे काही नव्हतं. मघाशी खोडलेल्या तिन्ही ओळी डोक्यात एकमेकींवर आदळल्या आणि एकही तोंडाशी आली नाही. श्लोक तीन ओळींवर लटकला. तो पुरा झाल्याशिवाय मुहूर्त लागणार कसा? शेजारची थोरली सून डोळे मिटून उभी होती. मी दोनदा ओठ हलवले.

तेव्हा पाटाच्या पलीकडून, मुंडावळ्यांच्या आतून, कोवळा पण खणखणीत सूर आला. चाल अचूक, चुड्यावर ठेका धरलेला:

घेते नाव तिचे वधू प्रथम मी, कुर्यात् सदा मंगलम्.

नवरी स्वतःच्या लग्नात मंगलाष्टक गाते, हे त्या गावाने कधी ऐकलं नव्हतं. मीही नाही. लग्नात नवरीला नाव घ्यायला सांगतात ते नवऱ्याचं. तिने पहिलं नाव घेतलं ते चुलीपाशी बसलेल्या बाईचं. आणि ते आप्पांच्या मनगटापासून हातभर अंतरावरून.

भटजी सावध माणूस. त्यांनी सूर्याकडे बघितलं आणि सगळ्यांच्या आधी ‘सावधान’ म्हणून टाकलं. अक्षता पडल्या. त्यांनी आपलं टोक सोडलं. आप्पांनी सोडलं नाही. पाट त्यांच्या एका मुठीतून लोंबत राहिला आणि त्यावरून कुसुम आणि रघुनाथ एकमेकांकडे बघत राहिले. वाजंत्रीवाल्यांना वाजवावं की नाही कळेना.

आप्पांनी पाट हळूहळू आपल्याकडे ओढला. एक घडी घातली, दुसरी घातली, कडा जुळवल्या. सगळा मांडव ती घडी घालणं बघत होता. मग तो खांद्यावर टाकून ते मेढीपाशी जाऊन उभे राहिले. मांडवाबाहेर गेले नाहीत. रघुनाथने हार उचलला.

नंतर मी कुसुमला गाठलं. म्हटलं, ‘आयत्या वेळी सुचली?’

‘दुपारपासून तयार होती.’

‘मग दिली का नाहीस?’

‘तुम्ही मागितली नाहीत.’ आणि मग हळूच म्हणाली, ‘वर्गात तुम्ही तीन ओळी सांगायचात आणि चौथी आम्हाला करायला लावायचात. मला वाटलं, मुद्दामच ठेवली असेल.’

मी हो म्हणाले. शिक्षकाने सगळंच कबूल करू नये.

मग मी स्वयंपाकघराकडे गेले. आत जायला मला वेळ लागला, हे खरं. ज्या बाईचं नाव मी गावभर गायलं तिचं तोंड मी अजून पाहिलं नव्हतं. आत धूर होता, मोठ्या टोपात भात रटरटत होता. पन्नाशीची, वाळक्या अंगाची बाई पदराला हात पुसत होती. तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

‘तुमीच त्या गानाऱ्या बाई?’

‘हो.’

‘तो आवाज आयकूनच म्हटला, घरातला नव्हे.’ तिने डाव उचलला. ‘मोती कुठला लावलात हो? अर्धा भात डुकरांनी खाल्लानी दर वर्साला. मोती.’

म्हटलं, ‘काकी, ती उत्प्रेक्षा आहे. जणू म्हटलंय. खरं असायला लागत नाही.’

‘जनू कशाला? होतं ते सांगायचा.’ ती भात ढवळत राहिली. माझ्याकडे पाठ करून. मग म्हणाली, ‘आनि ते भागीरथी.’

मी चुलीजवळ सरकले.

‘सगळी काकी म्हनतात. त्याच्याआधी वयनी म्हनायची. नवरा होता तवा तो नावानं हाक मारायचा नाय, आमच्यात मारीत नायत. आये गेल्यावर कोनी उच्चारलाच नाय.’ डाव टोपाच्या कडेवर एकदा आपटला. ‘मगाशी आयकला तवा मी मागं वळून बघितला, कोन आलाय म्हनून.’

मी चुलीतलं एक लाकूड आत सारलं.

‘परत म्हना,’ ती म्हणाली.

‘पूर्ण श्लोक?’

‘नको. मोती-बिती नको. ती तिसरी ओळ तेवढी.’

मी म्हटली. त्या रहाटाच्या आवाजात, हळू. ती ढवळायची थांबली होती. बाहेर पानं मांडलेली होती. दारापाशी आप्पांचा आवाज आला, भावजयीला उद्देशून, पण बोलले ते चौकटीशी: ‘पंगत खोळंबलीय. भात कुठाय?’

काकीने माझ्याकडे बघून पुन्हा म्हणायची खूण केली आणि दाराकडे न वळता म्हणाली, ‘खोळंबूं दे.’